गावाला आधी नकाशा द्या, डिझाइन नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका आर्किटेक्चर महाविद्यालयात तुम्ही शिकवता. तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओसाठी, म्हणजे डिझाइनच्या प्रकल्प-विषयासाठी, लातूर-धाराशिव पट्ट्यातलं एक गाव ठरलंय. सरपंचांनी अभ्यासिका मागितली आहे, प्राचार्यांना सेमिस्टर संपायच्या आत 'काहीतरी उभं राहिलेलं' हवंय आणि मुलं जोशात आहेत. तुम्हाला धास्ती वाटतेय की गावाला नुसती स्वप्नं दाखवून आपण परत येऊ. सुरुवात कुठून करायची, कबूल किती करायचं आणि मार्क कशाला द्यायचे?

धास्ती रास्त आहे. प्रॅक्टिस आणि शिकवणं दोन्ही करत आल्यावर माझं मत असं झालंय: या सेमिस्टरला अभ्यासिका बांधू नका, तिचं डिझाइनही घाईनं करू नका. आधी गाव मोजा आणि मोजलेलं गाव कागदावर गावाच्या हाती द्या. 'मोजणं हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं काम, यात डिझाइन कुठाय?' असं तुमचे सहकारी म्हणतील. म्हणू द्या.

गावठाणाचा कामाचा नकाशा ग्रामपंचायतीत सहसा नसतो. भूमी अभिलेखकडे जो असतो तो शेतांचा, गट नंबरांचा. गावठाण म्हणजे त्यावरचा एक मोकळा तुकडा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघू लागल्या. तुमच्या गावाची झाली असेल तर त्याची प्रत आधी मिळवा, पाया म्हणून उत्तम आहे. पण ड्रोनला वरून पत्रे आणि माळवदं (मातीची सपाट छपरं) दिसतात. गल्लीचा उतार कुठे पळतो, कोणाच्या न्हाणीचं पाणी कोणाच्या दारात साचतं, ट्रॅक्टर कुठल्या वळणावर अडतो, नळाला पाणी आलं की हंड्यांची रांग कुठवर जाते, हे त्याला दिसत नाही. मुलांनी भरायचं ते हेच. गावठाण १:५०० स्केलला, निवडक दहा-बारा घरं १:५० ला, आणि लेव्हल्स, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा. डंपी लेव्हल (त्यासाठीचं दुर्बिणीचं उपकरण) असेल तर ठीकच. नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो तशी काढा. अर्ध्या वर्गाला ती काढता येत नाही, हे तिथेच कळेल.

कागद मराठीत हवा. मापं फूट-इंचात लिहा, मिलिमीटर स्टुडिओसाठी ठेवा. गवंडी सुतात (इंचाचा आठवा भाग) बोलतो, वाळू-खडीचा हिशेब ब्रासमध्ये (शंभर घनफूट) होतो, आणि माळवदाचं घर किती मोठं हे लोक खणात (दोन खांबांमधली जागा) सांगतात. गल्ल्यांना 'स्ट्रीट ए, स्ट्रीट बी' न लिहिता लोक जी नावं घेतात ती लिहा. मोठी प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, दुसरी शाळेत. माझा अनुभव असा की असा नकाशा लागला की दोन दिवसांत लोक त्यावर बोट ठेवून भांडायला लागतात: 'हा बोळ एवढा अरुंद नाही', 'इथं आमचं उकिरड्याचं रान आहे, ते दाखवलं नाही'. तुमचं खरं सर्वेक्षण तेव्हा सुरू होतं. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा यातून दसपट कळतं. शिवाय प्रश्नावल्यांना गावं विटलेली आहेत. एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर, उन्नत भारत अभियानात गाव 'दत्तक' घेतलेलं कॉलेज, समाजकार्याचे विद्यार्थी, सगळे येऊन तेच विचारून गेलेले असतात. 'मागच्या साली पण तुमच्यासारखीच पोरं आली होती' हे वाक्य तुम्हाला पहिल्या दिवशी ऐकू येईल. आधी कोण आलं होतं, त्यांनी काय नेलं आणि काय ठेवलं, हे त्याच वेळी विचारून घ्या.

आता नकाशाच का, याचं दुसरं कारण. गावात सरकारी पैशानं काहीही उभं राहायचं असेल तर त्याची एक वाट ठरलेली आहे: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक. अंदाजपत्रक करतो तो कनिष्ठ अभियंता. त्याच्याकडे पुष्कळ गावं असतात, म्हणून तो टाइप प्लॅन काढतो. एक आयताकृती खोली, वर स्लॅब, पुढे शटर किंवा लोखंडी दार. महाराष्ट्रभर समाजमंदिरं एकाच साच्याची दिसतात त्यामागे कोणाची अरसिकता नाही. वेळ नसलेल्या माणसानं वेळेत फाइल पुढे सरकवली, एवढंच. तुमच्या मुलांची सुंदर रेंडर केलेली शीट या वाटेवर कुठेच बसत नाही. बसतं ते प्लॅन, सेक्शन (उभा छेद) आणि सरकारी दरसूचीतल्या बाबींनुसार काढलेलं परिमाणपत्रक, म्हणजे कोणतं काम किती याची यादी. ते तयार हातात मिळालं तर कनिष्ठ अभियंता तुमचा मित्र होतो, कारण तुम्ही त्याचं काम कमी केलेलं असतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक दिवस पंचायत समितीत घालवा, मुलांना घेऊन. दरसूची कशी वाचतात ते पाहू द्या. बांबू, कुडाच्या भिंती, स्थिर केलेल्या मातीच्या विटा असं काही वापरायचं ठरवलंत आणि ती बाब सूचीत नसली तर दर पृथक्करण करून (दर कसा आला याची फोड दाखवून), कोटेशनं जोडून द्यावं लागतं. फाइल तिथे रेंगाळते. अशक्य नाही, पण पहिल्या खेपेला तो हट्ट धरू नका. सांगाडा सूचीतल्या बाबींतच ठेवा आणि अक्कल लावा ती सेक्शनमध्ये, खिडक्यांच्या जागेत, पडवीत, ओट्याच्या उंचीत, छपराखालून गरम हवा कशी निघते त्यात. काही सहकारी याला तडजोड म्हणतात. मला हेच खरं डिझाइन वाटतं, कारण मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या खोलीत पोरगं बसून अभ्यास करू शकेल की नाही, हे दगडाच्या पोतावर ठरत नाही.

पैसा कुठून येणार याचाही अंदाज मुलांना असू द्या. गावात लोक 'पंचवीस-पंधराचा निधी' म्हणतात ते ग्रामविकास खात्याचं मूलभूत सुविधांचं लेखाशीर्ष. त्याशिवाय आमदार निधी आणि वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या निधीत ६० टक्के बंधित ठेवले होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेल्या अबंधित भागावर दहा जणांचा डोळा असतो. तेव्हा अभ्यासिकेचं स्वच्छतागृह आणि पाण्याची सोय एका हिशेबात, खोली दुसऱ्या हिशेबात, असं काम फोडून दाखवता आलं तर ग्रामसेवकाचा जीव भांड्यात पडतो. तुमच्या स्टुडिओतल्या 'फेजिंग' नावाच्या शीटला इथे प्रत्यक्ष अर्थ मिळतो.

तुम्ही ज्या पट्ट्यात जाताय तिथे या विषयाची सगळ्यात मोठी शाळा आधीच भरून गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं निजलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर माळवदाची कित्येक मणांची माती. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि वरची माती खाली आली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तुमचं गाव त्यातलं असेल किंवा त्यांच्या शेजारचं असेल, तर मुलांना तिथले रस्ते पायी फिरवा.

या नव्या गावांत घर किती मोठं मिळणार हे जमीनधारणेवर ठरलं होतं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. कार्यालयात बसून पाहिलं तर नियम निर्दोष आहे. पण आखणी करताना एका मापाची घरं एका ओळीत बसवणं सोयीचं, मग वाटण्या झालेले सख्खे भाऊ वेगवेगळ्या रांगांत गेले, आणि जुन्या गावात ज्या भिंतीपलीकडून हाक मारता यायची ती भिंत उरली नाही. रस्ते रुंद झाले, गाव कितीतरी पसरलं, म्हातारीला देवळापर्यंतची वाट लांब झाली. बैल, कडबा, शेणी, सरपण यांना प्लॅनमध्ये जागा नव्हती. ती लोकांनी पुढे पत्र्याची शेड मारून, ओटा वाढवून स्वतः काढली. मी मुलांना सांगतो की सरकारनं बांधलेल्या घराकडे फार पाहू नका, त्याला लोकांनी काय चिकटवलंय ते मोजा. आपण विचारायला विसरलेल्या प्रश्नांची उत्तरं तिथे पत्र्यात आणि विटांत बांधलेली आहेत.

त्याच पुनर्वसनात उलट दिशेनं झालेलं कामही आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. ज्या गावांना हलवलं नाही तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला, दीड लाखाहून अधिक घरांचा. पैसा घरमालकाच्या हातात, काम त्यानं करून घ्यायचं, अभियंता तांत्रिक सल्ल्याला. लोक आणि यंत्रणा यांच्यामध्ये स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या. कोणत्या कामाला किती हप्ता, भिंतीचे दोन्ही पदर जोडणारा आरपार दगड म्हणजे काय, भिंती बांधून धरणारा पट्टा कुठल्या उंचीवर टाकायचा, हे शेजारीण शेजारणीला सांगत होती. आपल्या मुलांनी 'कम्युनिटी पार्टिसिपेशन' या विषयावर निबंध लिहिण्यापेक्षा त्या काळातली एखादी संवाद सहायक शोधून तिच्याशी दुपारभर बोलावं. आता वयानं मोठ्या झाल्या असतील, पण त्या भागात मिळतील. त्यांना 'ताई', 'मावशी' म्हणा. 'मॅडम'नं माणसं अवघडतात.

बाहेरच्या उदाहरणांमध्ये मुलं तुम्हाला रूरल स्टुडिओ दाखवतीलच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी तो सुरू केला तोही १९९३ सालीच, किल्लारीच्या वर्षी. हेल काउंटी हा तिथला गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय भाग. मेसन्स बेंडचं समाजकेंद्र, जुन्या शेव्हर्ले गाड्यांच्या पुढच्या काचा लावून केलेलं, सगळ्यांच्या लॅपटॉपवर असतं. फोटो आहेच तसा. पण तुम्ही त्यांना त्याच स्टुडिओचं २००५ पासूनचं '२०के हाउस' पाहायला लावा. तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला कर्ज फेडता येईल असं घर किती रकमेचं, तर वीस हजार डॉलरचं. त्यातले बारा हजारांच्या आसपास साहित्याला, उरलेले मजुरीला. तुकड्या बदलत गेल्या, प्रश्न तोच राहिला; आधीच्या तुकडीचं घर पुढची तुकडी उलगडून पाहते, खिळे कुठे वाचवता येतील, छताची कैची कशी बदलता येईल यावर डोकं घालते. घराला नाव असतं ज्या माणसासाठी बांधलं त्याचं. मॉकबी २००१ मध्ये गेले, त्यांच्यानंतर अँड्र्यू फ्रीअरनी स्टुडिओ चालवला आणि त्याच परगण्यात चालवला. गेलं तर एका ठिकाणी जायचं आणि तिथून हलायचं नाही, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं. काचांचं काय ते नंतर पाहू.

तुमच्यापुढची मुख्य अडचण हीच आहे. विद्यार्थी चार-पाच महिन्यांत निघून जातो, गावातली कामं दोन-तीन वर्षं चालतात. ही फट विद्यार्थ्यांनी भरायची नाही, ती भरायची शिक्षकांनी आणि संस्थेनं. तुमच्या महाविद्यालयानं एका गावाला किमान तीन वर्षं द्यावीत असा आग्रह धरा. पहिली तुकडी मोजेल, दुसरी डिझाइन आणि अंदाजपत्रक करेल, तिसरी बांधकाम चालू असताना साइटवर नोंदी ठेवेल, गवंड्याच्या हाताखाली काम करेल. प्रत्येक तुकडीनं पुढच्या तुकडीला गावात नेऊन ओळख करून द्यायची, नुसती पेन ड्राइव्ह द्यायची नाही. आणि तुमच्यापैकी एक माणूस, ज्याचा मोबाइल नंबर ग्रामसेवकाकडे आहे, तो तीन वर्षं बदलायचा नाही. हा माणूस बहुधा तुम्हीच असाल. तेव्हा प्राचार्यांकडून तुमच्या वर्कलोडमध्ये त्याचे तास आधीच लिहून घ्या. पुढे मागितलेत तर मिळत नाहीत.

कबूल काय करायचं? 'बांधून देऊ' हा शब्द कोणाच्या तोंडून निघता कामा नये, उत्साही मुलाच्या तर नाहीच. गाव शब्द विसरत नाही. पहिल्या बैठकीत एवढंच सांगा की सेमिस्टर संपताना तुम्हाला गावठाणाचा मोजलेला नकाशा मिळेल, पाणी कुठे तुंबतं त्याची लेव्हल्ससकट नोंद मिळेल, आणि अभ्यासिकेसाठी गावात कुठल्या जागा शक्य आहेत याचं टिपण मिळेल. हे पत्रावर लिहून द्या. विद्यार्थी सही करू शकत नाहीत हेही तिथेच स्पष्ट करा. पुढे काही उभं राहिलं तर नोंदणीकृत वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची जबाबदारी लागेल, आणि भूकंपाच्या पट्ट्यात ही औपचारिकता नव्हे. आयएस १३८२८ आणि १३९३५ ही दोन भारतीय मानकं वर्गात वाचून घ्या, साध्या भाषेत आहेत. दगडमातीच्या भिंती आणि त्यांची मजबुती यावर आपल्या भागाला लागणारं बहुतेक सगळं त्यात आहे.

जागांच्या टिपणाबद्दल एक सुचवतो. अभ्यासिका म्हटली की नवी इमारत डोळ्यांपुढे येते. पण बऱ्याच गावांत जिल्हा परिषद शाळेची एखादी जुनी वर्गखोली कुलूप लावून पडलेली असते, नाहीतर जुनी चावडी असते. तिचं निर्लेखन झालंय का (म्हणजे ती अधिकृतपणे वापरातून बाद केली आहे का), भिंती कशा आहेत, छप्पर बदलून ती वापरता येईल का, हे आधी तपासा. दुरुस्तीच्या कामाचा फोटो झगमगीत येत नाही, हे खरं.

माणसांशी बोलण्याकडे येतो. गावात तुम्ही पहिल्या दिवशी कुठे उतरता, कोणाकडे चहा घेता, यावर पुढे कोण तुमच्याशी बोलणार हे ठरतं. सरपंचांच्या ओट्यावर बसून केलेल्या चर्चेत सरपंचांचं गाव कळतं. दलित वस्ती गावाच्या कडेला, तांडा त्याहून लांब. तिथे मुलांचा एक गट वेगळा, पहिल्याच दिवशी गेला पाहिजे. 'नंतर वेळ मिळाला तर' असं झालं की तो वेळ मिळत नाही. आणि जेवणाचा प्रश्न उठला तर जिथे बोलावलं तिथे सगळ्यांनी जेवायचं, हे निघायच्या आधीच मुलांना बजावा. अभ्यासिकेची जागा नेमकी कोणत्या गल्लीत, हा प्रश्न दिसतो आर्किटेक्चरचा, असतो मात्र याचा: तिथे कोणाची पोरं संकोच न करता येऊन बसतील? एखाद्या देवळाला लागून खोली काढली की काहींच्या मनात तिचं दार बंदच. हे कोणी तुम्हाला तोंडावर सांगणार नाही. मुलांना एवढंच विचारायला सांगा, 'तुमच्या घरातलं कोण तिथे जाईल?' मग शांत राहायला सांगा.

ग्रामसभेचं वेळापत्रक तुमच्या शैक्षणिक वेळापत्रकाला टाचून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास सहसा ग्रामसभा होतात, म्हणजे प्रत्येक सेमिस्टरला दोन येतात. त्याआधी महिला सभा व्हायला हवी. पहिल्या सभेत तुमची ओळख आणि कामाची परवानगी, दुसऱ्या सभेत मोजलेल्या नकाशाचं सादरीकरण आणि ठराव. कोरम आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ते. तेवढीही माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला कोरम लागत नाही. म्हणजे ठराव झाला याचा अर्थ गावानं ऐकलं असा होत नाही. बायकांशी बोलायचं तर बचत गटाची मासिक बैठक गाठा. तिथे सगळ्या वेळेवर असतात, हिशेबाला बसलेल्या असतात, आणि पैशाबद्दल नेमकं बोलतात.

डिझाइनकडे वळाल तेव्हा शीट बाजूला ठेवून प्लॅन जमिनीवर काढा, पूर्ण मापाचा. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८० च्या दशकात महिला मिलन या त्यांच्या संघटनेच्या आणि स्पार्क संस्थेच्या पुढाकारानं पूर्ण आकाराची नमुनाघरं उभी केली होती, आणि त्या चर्चांतून चौदा फूट उंचीची, आत माळा असलेली खोली पुढे आली. आर्किटेक्टनं ती सुचवली नव्हती; रात्री कोण कुठे झोपतं याचा हिशेब ज्यांना ठाऊक होता त्यांनी सुचवली. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेच्या पैशातून वास्तुविशारद प्रसन्न देसाईंनी याच संस्थांबरोबर जे काम केलं तेही मुलांना दाखवा. वस्ती सपाट न करता, पक्की घरं तशीच ठेवून, फक्त कच्ची घरं आपापल्या जागी नव्यानं बांधली, सुमारे २७० चौरस फुटांची. गल्ली तीच, शेजार तोच.

तुमच्या गावात नमुनाघर उभारायला लागणाऱ्या कापड-बांबूचीही गरज नाही. दोन पोती फक्की (रेघा आखायची पांढरी पूड), दोरी आणि गुण्या (काटकोन पाहायचं साधन) पुरे. संध्याकाळी पाचनंतर, लोक शेतातून परतल्यावर, शाळेच्या मैदानात आखणी करा. एका गावात आमच्या मुलांनी अंगणवाडीचा प्लॅन असा आखला होता. अंगणवाडी सेविका आल्या, आखलेल्या दारातून आत गेल्या (रेघ ओलांडून नव्हे, दारातूनच), स्वयंपाकाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'इथनं मला दार दिसत नाही. पोरगं बाहेर पळालं तर?' मग त्यांनीच चपलेनं ती फक्कीची रेघ पुसली आणि भिंत दोनेक फूट मागे घेतली. एक आजोबा बराच वेळ काठीवर रेलून पाहत होते. त्यांनी विचारलं, 'चाळीस पोरांच्या चपला कुठं?' तीन आठवड्यांच्या क्रिटमध्ये (डिझाइनच्या वर्गातल्या चिकित्सेत) आमच्यापैकी एकाही शिक्षकाला हे दोन प्रश्न सुचले नव्हते. अभ्यासिकेच्या वेळी तुम्हाला बहुधा असं ऐकू येईल की मुलींना किती वाजेपर्यंत बसता येईल, वाटेवर दिवा आहे का, संडासचं दार कोणत्या तोंडाला. एका मुलाला फक्त लिहून घ्यायला बसवा. त्यानं बोलायचं नाही.

मार्कांचं म्हणाल तर ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, शेवटच्या शीटला निम्म्याहून कमी ठेवा. साइट डायरी, मोजणीची अचूकता आणि अंदाजपत्रक यांना उरलेले द्या. मोजणी तपासायची सोपी पद्धत: एका गटानं मोजलेलं घर दुसऱ्या गटाकडून न सांगता पुन्हा मोजून घ्या. ज्यूरी एकदा गावातच भरवा आणि गवंड्याला मानानं खुर्ची द्या. त्याला गुणपत्रक भरायला लावायची गरज नाही. 'हे मी बांधू शकेन का आणि किती दिवसांत' एवढंच त्यानं सांगायचं, आणि मुलांनी ते टिपून घ्यायचं. विद्यापीठाच्या गुणपद्धतीत हे बसवताना थोडी शाब्दिक कसरत करावी लागेल. ती सगळेच करतात.

प्राचार्यांना उभं राहिलेलं काहीतरी हवंय, तर त्याचीही सोय आहे, आणि ते लबाडीचं नाही. झाडाभोवतीचा पार दुरुस्त करा, शाळेत हात धुण्याचा ओटा करा, तुंबणाऱ्या एका गटाराचा वीस-तीस फुटांचा तुकडा योग्य उतारात पुन्हा बांधा. नकाशातल्या लेव्हल्स बरोबर असतील तर तो तुकडा पहिल्या पावसात स्वतःच साक्ष देतो. एनएसएसच्या शिबिराचे दिवस आणि थोडा निधी यासाठी वापरता येतो, गवंडी गावातला घ्या आणि त्याची मजुरी रोख, त्याच आठवड्यात द्या. कोबा आणि गिलावा मुलांच्या हातून होऊ द्या, पण पाणी मारायची जबाबदारी कोणावर हे निघायच्या आधी नावानिशी ठरवा, कारण शिबिर आठवड्यात संपतं आणि पाणी त्यानंतरही मारावं लागतं. फोटो त्याचे काढा. माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे आणि घरांच्या आतले, विचारल्याशिवाय काढू नका. आणि 'आधी-नंतर' अशा जोड्या करून गाव किती मागास होतं हे दाखवणारी स्लाइड मुलांनी केली तर ती त्यांच्याकडून काढून घ्या.

पैसा आला नाही, निवडणुकीत सरपंच बदलले, ग्रामसेवकाची बदली झाली, यातलं निदान एक तरी होईलच. तेव्हा नव्या सरपंचांकडे नकाशाची प्रत घेऊन पुन्हा जायचं, अंदाजपत्रक नव्या दरसूचीनुसार पुढच्या तुकडीकडून सुधारून घ्यायचं आणि फाइलचा आवक क्रमांक जपून ठेवायचा. सध्या तुम्ही एवढंच करा: ग्रामसेवकाला फोन करून स्वामित्वची मोजणी झाली आहे का ते विचारा, आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तुमच्या महाविद्यालयाचा विषय घालायला सांगा. विषयपत्रिका सभेच्या बरीच आधी निघते, तेव्हा फोन याच आठवड्यात करा.